नातीं आणि स्वत्व

१९२० नंतरच्या पांच-सहा वर्षांत सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाइल रोड येथें कामकरी लोकांसाठीं ज्या चाळी उभारल्या, त्यांतील एका खोलीचें क्षेत्रफळ सुमारें १६० चौरस फूट होतें. परळच्या आसमंतांतील इतर चाळींची स्थिति यापेक्षां फारशी निराळी नव्हती. एवढ्या जागेंत नवराबायको, मुलें, म्हातारे आईबाप आणि गांवाहून गिरणींत लागण्यासाठीं आलेला एखादा भाऊ किंवा भाचा, अशीं सारीं एकत्र नांदत. अशा घरांत माणसाला एकटें बसण्यास कोपरा मिळत नसे. आणि अडचणीच्या वेळीं एकटें पडण्याची भीतिही नसे. जानेवारी १९८२ मध्यें सुरू झालेल्या मोठ्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागीं उंच इमारती आल्या, पुष्कळांच्या खोल्या मोठ्या आणि कुटुंबें लहान झालीं. परंतु एक प्रश्न जुन्या चाळींतून नव्या इमारतींत जसाच्या तसा आला आहे. इतक्या माणसांचा मुलगा, भाऊ, पति, सून किंवा सासू होतां होतां मनुष्यानें स्वतः म्हणून उरावें तरी कसें?

या प्रश्नाला दोन उत्तरें सर्रास दिलीं जातात. एक असें कीं, जेथें आपलेपणा आहे तेथें ‘मी’ कशाला हवा? घरासाठीं स्वतःला विसरावें. दुसरें असें कीं, ज्या नात्यापासून मनाला त्रास होतो तें तोडून मोकळें व्हावें. पहिल्या उत्तरानें माणूस झिजतो आणि पुढें ज्यांच्यासाठीं झिजला त्यांच्यावरच मनांतून धुमसत राहतो. दुसऱ्या उत्तरानें तो सुटतो खरा, पण ज्या राग-लोभांनीं पहिल्या नात्याला तडा गेला, ते त्याच्याबरोबर पुढच्या घरींही जातात. स्टोइक नांवाच्या प्राचीन ग्रीक पंथानें याहून वेगळी वाट दाखविली आहे.

या पंथाचें नांवच मोठें बोलकें आहे. इसवी सनापूर्वीं ३०० च्या सुमारास झेनो नांवाचा तत्त्वज्ञ अथेन्सच्या बाजारालगत एका खांबांच्या, चित्रांनीं सुशोभित अशा ओसरींत शिकवीत असे. ग्रीक भाषेंत अशा ओसरीला ‘स्टोआ’ म्हणतात. त्यावरून त्याचे अनुयायी स्टोइक म्हणजे ओसरीवाले ठरले. हें तत्त्वज्ञान अरण्यांत किंवा मठांत जन्मलें नाहीं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वर्दळींत, सौदे आणि भांडणें कानांवर पडत असतां तें सांगितलें गेलें. चाळीच्या लांब सज्जांत उभें राहून ज्यानें कधीं चार बिऱ्हाडांचा संसार एकदम ऐकला आहे, त्याला ही जागा परकी वाटूं नये.

पुढें रोमन साम्राज्यांत या पंथाचे जे थोर प्रवक्ते झाले, त्यांत एपिक्टेटस हा जन्मानें गुलाम होता आणि मार्कस ऑरेलियस हा इसवी सन १६१ ते १८० पर्यंत सम्राट होता. एकाला मालक निवडतां आला नाहीं, दुसऱ्याला दरबार सोडतां आला नाहीं. न निवडलेल्या माणसांबरोबर जगणें दोघांच्याही वांट्याला आलें होतें, आणि दोघांनींही आधार घेतला तो एकाच भेदाचा. कांहीं गोष्टी आपल्या हातच्या आहेत, कांहीं नाहींत. आपलें मत, आपला निश्चय, आपली इच्छा आणि आपलें वर्तन या गोष्टी आपल्या हातच्या आहेत. दुसऱ्याचें मन, त्याचें प्रेम, त्याची कृतज्ञता व त्याच्या तोंडची स्तुति-निंदा या आपल्या हातच्या नाहींत. स्टोइकांच्या मतें माणसाचें स्वत्व पहिल्या भागांत असतें. जो तें दुसऱ्या भागांत ठेवतो, तो आपल्या घराची किल्ली शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातीं देऊन बसतो.

हा भेद नात्याला लागू करतांना एपिक्टेटसानें एक फार उपयुक्त विचार मांडला आहे. प्रत्येक नातें आपल्याला आपल्या कर्तव्याचें माप देतें; समोरच्याच्या कर्तव्याचें देत नाहीं. बाप वाईट वागतो अशी तक्रार घेऊन आलेल्याला तो विचारतो कीं, निसर्गानें तुला चांगला बाप देण्याचा करार केला होता काय? त्यानें बाप दिला, एवढेंच. तेव्हां बाप काय करतो हें न पाहतां मुलगा म्हणून स्वतः कसें वागलें असतां बुद्धि शुद्ध राहील, तेवढें पाहावें. अन्यत्र तो म्हणतो कीं, प्रत्येक गोष्टीला दोन कान असतात. एक धरून ती उचलतां येते, दुसरा धरून येत नाहीं.

परळांतील किती तरी कोंकणी घरांत हा प्रसंग घडलेला आहे. एक भाऊ मुंबईंत राहून वर्षानुवर्षें मनिऑर्डरी पाठवितो. दुसरा गांवीं राहून घर आणि शेत सांभाळतो. वांटणीच्या वेळीं गांवचा भाऊ म्हणतो, कष्ट माझे. मुंबईचा म्हणतो, पैसे माझे. ‘भावानें माझ्यावर अन्याय केला’ हा एक कान. तो धरला तर गोष्ट उचलत नाहीं, हात मात्र पोळतो. ‘हा माझा भाऊ आहे, एका ताटांत आम्ही जेवलों’ हा दुसरा. तो धरल्यानें हक्क सोडावा लागत नाहीं. हिस्सा मागावा, कागदपत्र काढावेत, जरूर तर पंच बसवावेत. पण भावाच्या लोभामुळें स्वतः कडू होणें ही दुसरी हानि आहे, आणि ती करून घेणें न घेणें ज्याचें त्याच्या हातीं आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, हा तर मनाचा दगड करण्याचा उपदेश झाला. स्टोइकांविषयीं हा गैरसमज जुनाच आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील हायरोक्लीज या स्टोइकानें मनुष्याभोंवतीं वर्तुळें कल्पिलीं आहेत. मध्यभागीं त्याचें स्वतःचें मन. भोंवतीं आईबाप, भावंडें, बायकोमुलें. मग चुलते-मामे व इतर आप्त. पुढें गांवकरी, देशबांधव आणि अखेरीस सारी मानवजात. बाहेरचें प्रत्येक वर्तुळ थोडें आंत ओढून घ्यावें असें तो सांगतो, आणि त्यासाठीं सुचवितो कीं, चुलतभावांना भाऊ म्हणावें, चुलत्या-मामांना बाप म्हणावें. चाळींतल्या मुलाला हें शिकवावें लागत नाहीं. शेजारीण त्याची मावशी असते आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ त्याचे काका असतात. मात्र हायरोक्लीजच्या आकृतींत वर्तुळें कितीही जवळ आलीं तरी मधला बिंदु पुसला जात नाहीं. तो नसेल तर वर्तुळ काढणार कशाभोंवतीं?

प्रेमाच्या खऱ्या-खोट्या रूपाविषयींचा एपिक्टेटसाचा एक संवाद प्रसिद्ध आहे. एक अधिकारी त्याला सांगतो कीं, आपली लहान मुलगी आजारी पडली तेव्हां तिची अवस्था आपल्याला पाहवेना, म्हणून आपण घर सोडून निघून गेलों. इतकी तिच्यावर आपली माया! एपिक्टेटस शांतपणें विचारतो, मुलीवर तिच्या आईची माया नव्हती काय? दाईची नव्हती काय? त्याही तशाच निघून गेल्या असत्या तर मुलीनें कोणाच्या हातीं राहावयाचें? आणि तूं आजारी पडलास तर तुझ्या माणसांनीं तुझ्यावर अशीच माया करावी, असें तुला वाटेल काय?

परळ हें रुग्णालयांचें गांव आहे. के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालचें, मुलांचें वाडिया रुग्णालय १९२९ चें आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चें. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले नातलग तेथील पायऱ्यांवर रात्री काढतात. त्यांच्याकडे पाहिलें म्हणजे एपिक्टेटसाचा मुद्दा पटतो. जो दुःखानें पार वाहून गेला तो रुग्णाच्या उपयोगीं पडत नाहीं. ज्याचें कांहीं स्वतःचें स्थिर उरलें आहे तोच औषधाची वेळ सांभाळतो, डॉक्टरांचें बोलणें नीट ऐकतो आणि हात धरून बसतो. स्वत्व राखणें येथें स्वार्थ ठरत नाहीं. प्रेमाला उभें राहण्यासाठीं लागणारी ती जमीन ठरते. याच एपिक्टेटसानें उतारवयांत मित्राचें, टाकून दिलें जाणारें मूल आणून वाढविलें, असें त्याच्या ग्रंथावरील जुन्या टीकेंत नमूद आहे.

आतां कठिण भाग येतो. सहन किती करावें आणि नाहीं कोठें म्हणावें? एपिक्टेटसाचा गुरु मुसोनियस रूफस याच्यापुढें एका तरुणानें असाच पेंच टाकला होता. त्याला तत्त्वज्ञान शिकावयाचें होतें व बापाचा विरोध होता. बापाची आज्ञा प्रत्येक बाबतींत मानलीच पाहिजे काय? मुसोनियसचें उत्तर असें कीं, वाईट कृत्याची आज्ञा नाकारणारा मुलगा आज्ञाभंग करीत नाहीं. बापानें हिताचेंच सांगावें हें बापपणाचें मूळ आहे, आणि मुलगा त्या मुळाला धरून असतो. बापाला समजावून सांगावें, त्याची सेवा करावी, त्याच्याशीं उद्धटपणानें वागूं नये. पण विचार करण्याचें सोडूं नये, कारण तें दाराला कुलूप लावून कोणी बंद करूं शकत नाहीं. याच मुसोनियसनें मुलींनींही तत्त्वज्ञान शिकावें असें प्रतिपादिलें आणि विवाहाचें मर्म परस्परांची काळजी वाहण्यांत आहे असें सांगितलें.

या विचारांची कसोटी पाहण्यासाठीं परळ सोडून दूर जावें लागत नाहीं. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळ येथील एका चाळींत, ५० व ५१ क्रमांकांच्या दोन खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें कुटुंब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहत होतें. जवळच्या दामोदर हॉलमध्यें १९२४ सालीं स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी होती. बाबासाहेब शिक्षणासाठीं परदेशीं असतां या चाळींतील संसार रमाबाईंनीं अत्यंत ओढगस्तींत चालविला. पांच अपत्यांपैकीं चार लहानपणींच गेलीं. १९४० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयक आपला ग्रंथ बाबासाहेबांनीं दिवंगत पत्नीला अर्पण केला, आणि त्या अर्पणपत्रिकेंत तिच्या मनाच्या मोठेपणाबरोबरच, मित्रहीन अशा विपन्न दिवसांत तिनें दाखविलेल्या शांत धैर्याचा व आपल्यासह सोसण्याच्या तयारीचा कृतज्ञतेनें उल्लेख केला. रमाबाईंनीं स्टोइकांचें नांवही ऐकलें नसेल. त्या पंथाला जें धैर्य अभिप्रेत होतें, तें मात्र त्यांच्यापाशीं होतें.

त्या घरांत मतभेदही होते. रमाबाईंना पंढरपूरला जावेंसें फार वाटे. जेथें अस्पृश्यांना देवळाबाहेर उभें राहून दर्शन घ्यावें लागे, तेथें पत्नीला नेण्यास बाबासाहेब तयार नव्हते. पत्नीवर प्रेम होतें, तिच्या भक्तीची जाणीव होती. पण ज्या गोष्टीला मान तुकविणें म्हणजे स्वतःला हीन मानणें होतें, ती त्यांनीं प्रेमापोटींही केली नाहीं. रमाबाईंची इच्छा अपुरी राहिली, ही त्याची किंमत होती, आणि ती बव्हंशीं रमाबाईंनीं दिली. हें लपविण्यांत अर्थ नाहीं. १९३५ च्या मे महिन्यांत त्या निवर्तल्या. पंढरपूरचें मंदिर सर्वांना खुलें झालें तें साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ सालीं.

या उदाहरणावरून स्टोइक विचारावरील सर्वांत मोठ्या आक्षेपाचेंही उत्तर मिळतें. आक्षेप असा कीं, ‘दुसऱ्याचें वागणें तुझ्या हातीं नाहीं, तूं शांत राहा’ हें वाक्य बहुधा सुनेला, धाकट्याला आणि दुबळ्याला ऐकविलें जातें. आक्षेप खरा आहे. खुद्द स्टोइकांनीं गुलामाला मनानें स्वतंत्र म्हटलें, पण गुलामगिरीच नाहींशी करावी असा आग्रह धरला नाहीं. तेथें त्यांची दृष्टि अपुरी पडली. परंतु त्यांच्या चार सद्गुणांत धैर्य व संयम यांच्या बरोबरीनें विवेक आणि न्यायही आहेत. परळच्या त्या घरानें दारिद्र्य सोसलें. पण अपमानाला संमति दिली नाहीं. मार्च १९२७ मध्यें महाडच्या चवदार तळ्याचें पाणी जे प्याले, त्यांनीं आधीं मनांतल्या मनांत एक निवाडा नाकारला होता. लोक आपल्याला काय समजतात हें त्यांच्या हातीं नव्हतें. तें खरें मानावयाचें कीं नाहीं हें होतें. पुढची कृति त्या नकारांतून निघाली. म्हणून सहनशीलतेचा हा उपदेश प्रत्येकानें स्वतःला करावा. सासूनें सुनेला आणि मालकानें नोकराला करूं लागतांच त्याचें शस्त्र होतें. आणि जेथें हात उगारला जातो किंवा जिवाला भय असतें, तेथें दार उघडून बाहेर पडणें हाच विवेक होय.

राहतां राहिला नित्याचा अभ्यास. मार्कस ऑरेलियस सकाळीं उठून स्वतःला बजावी कीं, आज लुडबुडे, कृतघ्न व मत्सरी लोक भेटतील. तरीही ते आपले सोयरे आहेत, त्यांच्याशीं मिळून काम करावयाचें आहे. एकांतासाठीं डोंगरांत किंवा समुद्रकांठीं जाण्याची गरज नाहीं, वाटेल तेव्हां स्वतःच्या मनांत परततां येतें, असेंही त्यानें लिहून ठेविलें. सेनेका या रोमन स्टोइकाचा परिपाठ रात्रीचा होता. दिवा मालविला कीं, तो दिवसभरांतलें आपलें बोलणें-चालणें तपासून पाही: कोठें उगीच चिडलों, कोठें भीतीपोटीं गप्प बसलों, कोणाला लागेल असें बोललों. हें सांगतांना तो जातां जातां म्हणतो कीं, त्या वेळीं त्याची बायको, नवऱ्याची संवय ठाऊक असल्यामुळें, कांहीं न बोलतां पडून राही.

ग्रंथांत हा उल्लेख एका ओळीचा आहे, पण संसारी माणसाला तो पुष्कळ शिकवितो. सेनेकाला स्वतःशीं बोलावयास जी जागा मिळाली, ती निराळ्या खोलीनें मिळाली नव्हती. शेजारच्या माणसानें ती दिली होती. १६० चौरस फुटांतही एवढें दान देतां येतें. स्वतःचें स्वत्व राखूं इच्छिणाऱ्यानें आज रात्रीपासून घरांतील दुसऱ्या कोणाला तरी अशी घटकाभर मोकळीक द्यावी, आणि ती कशासाठीं हवी हें त्याला विचारूं नये.