परत आलेल्या बाटल्या

घरी बिअर करणाऱ्यांचा इकडे एक साधा रिवाज आहे. बाटली भेट द्यायची आणि रिकामी झाली की घेणाऱ्यानं ती धुवून परत आणून द्यायची. माझ्या पहिल्या घाण्यातल्या सहा बाटल्या मी शेजाऱ्याला दिल्या. आठवड्यानं सहाही परत आल्या. दोन धुतलेल्या, चार भरलेल्या.

"कशी होती?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ओली होती."

हा शेजारी निवृत्त मोल्डर आहे. मी कोल्हापूरचा, शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत उमेदवारी केली आणि पुढं नोकरीनं मला डडलीला आणलं. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा हा पट्टा 'ब्लॅक कंट्री' म्हणून ओळखला जातो. कोळसा, लोखंड, धूर, सगळं इथलंच. आमची ओळख झाली ती वाळूवरून. मोल्डिंगची वाळू मुठीत दाबून तिची ओल कशी बघायची, हे दोघांनाही आपापल्या उस्तादानं सारखंच शिकवलेलं निघालं. मग एका शनिवारी त्यानं मला पबात नेलं आणि डार्क माइल्डचा ग्लास समोर ठेवला.

रंग काळपट, उजेडाशी धरला की मात्र डाळिंबी. फेस थोडासाच. चव भाजलेल्या पावाच्या कडेची, मागून किंचित गोडसर. कडूपणा जवळपास नाहीच. भट्टीसमोर आठ तास घाम गाळून आलेल्या माणसानं चार ग्लास प्यावेत आणि तरी सरळ चालत घरी जावं, अशी ही बिअर. आज बहुतेक माइल्डमध्ये अल्कोहोल तीन-साडेतीन टक्केच असतं.

नावावरून मात्र फसू नका. 'माइल्ड' म्हणजे सौम्य हा आजचा अर्थ. पूर्वी माइल्ड म्हणजे ताजी, मुरवत न ठेवलेली बिअर. एकोणिसाव्या शतकात ती चांगली कडकही असे. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आणि सरकारी निर्बंध यांनी तिचा जोर उतरवला. तरी १९५० च्या दशकापर्यंत इंग्लंडच्या पबात सर्वांत जास्त खपायची ती हीच. पुढं बिटर आणि लागर या बिअरच्या दुसऱ्या प्रकारांनी तिला मागं टाकलं आणि ती म्हाताऱ्यांची बिअर ठरली. १९७१ मध्ये स्थापन झालेली 'कॅमरा' ही बिअरप्रेमींची संघटना तिच्यासाठी मे महिन्यात मोहीम चालवते. आमच्या जवळच सेजलीला बीकन हॉटेल आहे. त्याच्या मागच्या सारा ह्यूज ब्रूअरीची डार्क रुबी माइल्ड सहा टक्क्यांची आहे. ती प्यायलात की 'माइल्ड' शब्दाचा जुना अर्थ पायांना कळतो.

घरी करण्याचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते निवृत्तीनंतर. इथं त्याला कायद्याची आडकाठी नाही. १८८० पासून घरगुती बिअरला परवाना लागायचा; १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. स्वतःपुरती करा, विकू नका, एवढंच. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय बिअर करणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून पुण्याच्या गच्चीवर बादली मांडू नये.

मी सुरुवात तयार किटनं केली. किट म्हणजे काय, तर पत्र्याच्या डब्यात दाट, काळा पाक. नाचणीच्या सत्त्वासाठी आपण नाचणीला मोड आणतो, तसे जवाला आणायचे आणि ते वाळवायचे; हा झाला माल्ट. तो गरम पाण्यात मुरवून त्याची गोडी काढायची, हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा द्यायचा आणि आटवून पाक करायचा. कारखान्यानं इतकं करून दिलेलं असतं. आपण पाणी आणि यीस्ट घालायचं.

किट दोन जातींचे. एकडबी किटमध्ये दीड ते पावणेदोन किलो पाक असतो आणि सूचना असते, एक किलो साखर घाला, पाण्यानं २३ लिटर करा. दोनडबी किटमध्ये तीन किलो किंवा जास्तच माल्ट असतो, साखर लागत नाही आणि अर्थात दाम जास्त. घाई असेल, हात बसलेला नसेल, तर सरळ दोनडबी घ्यावा. डब्यावरची तारीख मात्र बघावी. जुना पाक काळवंडतो आणि बिअरला शिळी चव देतो.

मी एकडबी घेतला आणि सूचना अक्षरशः पाळल्या. इथंच फसलो. पांढरी साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागं काही ठेवत नाही. माल्टमधल्या काही शर्करा त्याला पचत नाहीत. त्या राहतात आणि बिअरला अंग देतात. माझी पहिली बिअर सव्वाचार टक्क्यांची होती, पबातल्या माइल्डपेक्षा कडक, आणि तरी पाण्यासारखी. भट्टीत स्वस्त भंगार जास्त घातलं की वजन भरतं, कास्टिंग मात्र ठिसूळ निघतं. हे मला बिअरच्या बाबतीत कळायला चार भरलेल्या बाटल्या लागल्या.

दुसऱ्या वेळी किलोभर साखर काढली आणि तिच्या जागी अर्धा किलो माल्टची पूड घातली. पाणी २३ ऐवजी २० लिटरच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माल्टला दवाखान्याचा वास देतं, म्हणून कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून टाकली. झाकणाखालची यीस्टची पुडी फेकली आणि अकरा ग्रॅमचं विंडसर यीस्ट आणलं. हे यीस्ट माल्टमधली एक शर्करा शिवतच नाही, त्यामुळं गोडसरपणा टिकतो. जास्तीचे हॉप्स घालायचा मोह मोठा होता, तो आवरला. माइल्डला कडूपणाचं काम नाही.

आता खरी करामत. पाव किलो क्रिस्टल माल्ट आणि मूठभर, म्हणजे ७५ ग्रॅम, चॉकलेट माल्ट. यात चॉकलेट नसतं. दाणा त्या रंगावर येईपर्यंत भाजलेला असतो. दोन्ही जाडसर भरडून मलमलच्या पुरचुंडीत बांधले आणि दोन लिटर पाण्यात सोडले. पाणी ६५ ते ७० अंश, वेळ अर्धा तास. उकळू द्यायचं नाही, नाहीतर कोंड्याचा तुरटपणा उतरतो. पाणी आधी चहासारखं झालं, मग कोऱ्या कॉफीसारखं. बायको वरून ओरडली, "अहो, खाली काय करपलं?" पुरचुंडी न पिळता काढली, पाणी दहा मिनिटं उकळलं आणि बादलीत ओतलं. शेवटी दीडशे ग्रॅम काकवी. इंग्रज इथं काळी ट्रीकल वापरतात. माझ्या फडताळात कोल्हापूरची बरणी होती.

मग वाट पाहणं. बादली १८ ते २० अंशांवर, जिन्याखाली. हायड्रोमीटर म्हणजे गवळ्याच्या दुधात सोडतात त्या लॅक्टोमीटरचाच भाऊ; रस दाट असेल तितका तो वर तरंगतो. माझा आकडा १.०३८ वरून १.०१३ वर आला आणि तीन दिवस तिथंच राहिला, तेव्हाच बाटल्या भरल्या. डब्यावर सहा दिवस लिहिले होते, लागले अकरा. आकडा उतरत असताना घाईनं भरलेली बाटली फुटते. भांडी, नळी, बाटल्या सगळं निर्जंतुक केलेलं हवं. लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लावायचा नाही, तसलीच शिस्त. प्रत्येक अर्ध्या लिटरच्या बाटलीत अर्धा छोटा चमचा साखर पुरते, कारण माइल्डला फेस बेतानं हवा. आणि फ्रिजमध्ये नाही ठेवायची. गारठलेल्या माइल्डला चवच राहत नाही. तळघराच्या बारा-तेरा अंशांवर ती बोलते.

सव्वातीन टक्के. पहिलीपेक्षा एक टक्का हलकी, पण जिभेवर थांबणारी. दोन आठवडे बाटलीत मुरू दिली आणि पुन्हा सहा बाटल्या शेजाऱ्याच्या दारात ठेवल्या. या खेपेला विचारायला गेलो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दूध आणायला दार उघडलं. पायरीवर सहा बाटल्या होत्या, धुवून पालथ्या घातलेल्या.