सोळा फुटांचं दार आणि दोन टनांचा वारा
घर आणि ऋतू : लेखांक ७

२४ ऑगस्ट १९९२च्या पहाटे अँड्र्यू हे चक्रीवादळ फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला, होमस्टेड गावाजवळ, किनाऱ्यावर आलं. एकट्या डेड काउंटीत पंचवीस हजारांहून जास्त घरं जमीनदोस्त झाली आणि लाखभर घरांची मोडतोड झाली. पुढे अभियंत्यांची पथकं त्या पडझडीतून फिरली. छप्पर का उडालं, याचा शोध घेताना त्यांची नजर पुन्हा पुन्हा एकाच जागी जाऊन थांबत होती. छपराआधी गॅरेजचं दार गेलेलं असायचं.

अमेरिकी उपनगरात गाडीची खोली बहुधा घरालाच लागून, त्याच छपराखाली असते. दोन गाड्यांच्या गॅरेजचं नेहमीचं दार सोळा फूट रुंद आणि सात फूट उंच. घराच्या भिंतींत याहून मोठं भगदाड दुसरं नसतं, आणि ते झाकायला असतात पातळ पत्र्याच्या चार-पाच आडव्या फळ्या. फळ्या एकमेकींना बिजागऱ्यांनी जोडलेल्या, दोन्ही कडांना छोटे रोलर, ते रोलर लोखंडी रुळांत. मध्ये सोळा फुटांत आधार कशाचाच नाही.

ताशी १३० मैलांचा, म्हणजे सुमारे २१० किलोमीटरचा वारा अशा दारावर समोरून आदळला, तर त्याचा एकूण दाब दोन टनांच्या घरात जातो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे शेवटचे वीस-तीस मैल फार महागात पडतात. दार मधोमध आत वाकतं, वाकलं की कडा आत ओढल्या जातात, रोलर रुळांतून निसटतात आणि दार गाडीवर येऊन पडतं.

गाडीचं नुकसान विम्यातून भरून निघेल. खरा घात पुढे होतो. छपरावरून वाहणारा वारा त्याला वर ओढत असतोच. दार गेल्यावर आत कोंडलेली हवाही त्याला खालून वर रेटू लागते. भारतीय मानक आयएस ८७५च्या तिसऱ्या भागातही हाच हिशेब आहे. भिंतींतल्या उघड्या जागा पाच टक्क्यांपेक्षा कमी असतील, तर आतल्या दाबाचा गुणांक ०.२ धरायचा, वीस टक्क्यांवर गेल्या तर ०.७. म्हणजे थेट साडेतीन पट. जून २०२०मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा तिथल्या घरांना आणि गाळ्यांना लागू होता तो हाच नियम. शटर वाकलं की पत्रे धोक्यात.

अँड्र्यूनंतर दक्षिण फ्लॉरिडाने बांधकामाचे नियम कडक केले. मायामी-डेड भागात मान्यता हवी असेल, तर दाराला आजही एक रांगडी परीक्षा द्यावी लागते. साधारण चार किलोचा लाकडी वासा हवेच्या तोफेतून सेकंदाला पंधरा मीटर वेगाने दारावर मारतात. तो आरपार गेला नाही, तर मग दाबाचे उलटसुलट हेलकावे देऊन दार टिकतं का, ते पाहतात. २००२मध्ये संपूर्ण राज्यासाठी एकच संहिता लागू झाली.

त्याआधी बसवलेली दारं मात्र अजूनही हजारो घरांना आहेत. आपलं दार कोणत्या जातीचं, हे ओळखायला अभियंता लागत नाही. वारा सोसण्यासाठी तपासलेल्या दाराच्या आतल्या बाजूला बहुधा तसा कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर दाबाचा आकडा असतो. कागद नसेल, तर दार कच्चं आहे असंच धरून चालावं. मग दोन मार्ग उरतात. दार बदलायचं, किंवा त्याच बनावटीसाठी बनवलेले उभे खांब वादळाआधी आतून बसवायचे. हे खांब वर भिंतीला आणि खाली जमिनीला घट्ट जखडतात. घर विकत घेताना लोक दाराच्या रंगावर तासभर खल करतात आणि त्या कागदाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, ही गंमतच आहे. विद्युत ओपनरने बंद केलेलं दार म्हणजे कुलूप लावलेलं दार, हाही असाच एक गैरसमज. ओपनरचा दांडा दाराला वरच्या फळीपाशी एका ठिकाणी धरतो; सोळा फुटांच्या दारावर आदळणाऱ्या वाऱ्यापुढे त्याची मात्रा चालत नाही.

या ओपनरबद्दल आणखीही एक गैरसमज आहे. सी. जी. जॉन्सन यांनी १९२१मध्ये वर सरकणारं दार आणि १९२६मध्ये ते उचलणारं विजेचं यंत्र आणलं. तेव्हापासून पाहणाऱ्याला वाटत आलंय की भार मोटर उचलते. भार उचलते ती वरच्या दांड्यावर पिळून ठेवलेली स्प्रिंग. मोटर फक्त दाराला हलकासा धक्का देते. म्हणून हवामानामुळे दार जड झालं किंवा अडकू लागलं, की मार बसतो तो मोटरला आणि तिच्या दातेरी चाकांना.

मिनेसोटासारख्या राज्यात हे दर हिवाळ्यात घडतं. दाराखालची रबरी पट्टी बर्फाने जमिनीला चिकटते. सकाळी घाईत बटण दाबलं जातं, मोटर गुरगुरते, पट्टी फाटते किंवा यंत्रातली चाकं झिजतात. उकळतं पाणी ओतणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण तेच पाणी थोड्या वेळात पुन्हा गोठतं. प्लास्टिकच्या खरवडणीने कडा सोडवावी आणि पुढच्या वेळेसाठी पट्टीला सिलिकॉनचा फवारा मारून ठेवावा. रोलर आणि बिजागऱ्यांना वंगण द्यावं, रुळांना नाही. रूळ नुसते पुसून कोरडे ठेवायचे, नाहीतर धूळ आणि वंगण मिळून चिखल होतो. किनाऱ्यालगत खारी हवा स्प्रिंग आणि तारा खाते, तिथे ही पाहणी वर्षातून एकदा पुरत नाही.

दार समतोल आहे की नाही, हे कळायला दोन मिनिटं लागतात. दार बंद असताना लाल दोरी ओढून ओपनर वेगळा करायचा आणि हाताने दार अर्ध्यावर न्यायचं. तिथेच थांबलं तर ठीक. खाली आपटू लागलं, तर कारागीर बोलवावा. पिळलेल्या स्प्रिंगला स्वतः हात लावणं जिवावर बेतू शकतं.

उन्हाचा त्रास मात्र वेगळाच. १९९३पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ओपनरला दाराखाली माणूस आला तर दार परत वर नेण्याची सोय सक्तीची झाली. त्यासाठी जमिनीपासून वीतभर उंचीच्या आत दोन डोळे समोरासमोर बसवतात, एक किरण सोडणारा आणि एक तो घेणारा. तिरपं ऊन थेट त्यांतल्या घेणाऱ्या डोळ्यावर पडलं की दार अर्ध्यातून परत वर जातं आणि मालक यंत्राला शिव्या देतो. उपाय स्वस्त आहे : त्या डोळ्यापुढे पुठ्ठ्याची आडोसा देणारी नळी, किंवा दोन्ही डोळ्यांची अदलाबदल.

विजेच्या कडकडाटात ओपनरचा सर्किट बोर्ड जळू शकतो, म्हणून वादळाच्या दिवशी प्लग काढलेला बरा. मात्र वीज नसणं हेही संकट ठरू शकतं. ऑक्टोबर २०१७मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले, वीज गेली आणि काही वयस्क माणसांना गॅरेजचं जड दार हाताने उघडता आलं नाही. काही जण तिथेच गेले. त्यानंतर राज्याने कायदा केला : १ जुलै २०१९पासून विकला किंवा बसवला जाणारा प्रत्येक घरगुती ओपनर बॅटरीवरही चालला पाहिजे. ती बॅटरी काही वर्षांत मरते, तेव्हा बदलण्याची तारीख यंत्रावरच लिहून ठेवावी. आणि लाल दोरी कुठे आहे, हे घरातल्या आजीलाही दाखवून ठेवावं.

पुढील लेखांक : तळघरात शिरणारं पाणी