पिठल्यातील गुठळ्या आणि टायरचे रबर

पिठले करताना बेसन एकदम भरपूर पाण्यात टाकले तर गुठळ्या होतात. मग चमचा कितीही फिरवा, गुठळ्या पाण्याबरोबर गोल फिरत राहतात, फुटत नाहीत. म्हणून जाणता स्वयंपाकी बेसन आधी थोड्याच पाण्यात घट्ट कालवतो, गुठळ्या मोडतो आणि मग उरलेले पाणी घालतो. टायरच्या कारखान्यातही नेमका हाच प्रश्न असतो, आणि उत्तरही बरेचसे हेच.

टायर काळा दिसतो तो त्यातील काजळीमुळे. पण ती रंगासाठी घातलेली नसते. स्टायरिन-ब्युटाडाइन हे कृत्रिम रबर नुसते गंधकाने पक्के केले तर सहज तुटते. त्यात काजळी नीट मिसळली की त्याची ताणशक्ती सुमारे दहापट होते.

हे कसे घडते? काजळीचा मूळ कण साधारण ३० नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या तेहेतीस हजाराव्या भागाएवढा असतो. टायरसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या एक ग्रॅम काजळीचे पृष्ठफळ सुमारे ८० चौरस मीटर भरते. दहा मीटर लांब व आठ मीटर रुंद वर्गाची जमीन डोळ्यांसमोर आणा! रबराचे लांबलचक रेणू या पृष्ठभागाला चिकटतात आणि रबरावरचा ताण कणांवर वाटला जातो.

मात्र रबर त्या पृष्ठभागापर्यंत पोचले पाहिजे. भट्टीतच मूळ कण एकमेकांना जुळून १०० ते २०० नॅनोमीटरचे पुंजके बनतात. हे पुंजके रेणूंमधील आकर्षणाने एकत्र येऊन कित्येक मायक्रोमीटरच्या गुठळ्या होतात. मोडायच्या त्या या गुठळ्या. न मोडलेल्या गुठळीभोवती ताण एकवटतो आणि तेथूनच तडा सुरू होतो.

मिसळण्यात दोन वेगळी कामे असतात : गुठळी मोडणे आणि सुटलेले पुंजके सगळीकडे पसरवणे. पसरवण्यासाठी मिश्रण पुन्हा पुन्हा दुमडावे लागते. मोडण्यासाठी मात्र बल हवे. पदार्थाचे थर एकमेकांवरून सरकतात तेव्हा गुठळीवर पडणारे बल पदार्थाची श्यानता आणि सरकण्याचा वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. पातळ पदार्थात ते अपुरे पडते, घट्ट पदार्थात पुरेसे होते.

संशोधनाच्या सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा तेल आणि काजळी रबरात एकदमच घातली. यंत्राला जोर कमी लागला, मिश्रण गुळगुळीत दिसले. मी खूश! पण त्याच्या पट्ट्या ताणल्यावर लवकर तुटल्या. तुटलेली जागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा तेथे गुठळ्या दिसल्या. तेलाने रबर मऊ झाले होते, त्यामुळे गुठळी मोडण्याइतके बल निर्माणच झाले नव्हते.

मग जास्त वेळ मिसळले तर? घर्षणाने मिश्रण तापते, रबर मऊ होते आणि बल पुन्हा घटते. म्हणून यंत्राच्या भिंतींतून थंड पाणी खेळवतात. नैसर्गिक रबर फार वेळ मळले तर त्याचे रेणूच तुटतात. गंधक अगदी शेवटी, कमी तापमानाला घालतात. नाहीतर रबर यंत्रातच पक्के होऊन बसते.

१९९२ पासून मोटारींच्या टायरमध्ये काजळीऐवजी सिलिका वापरण्यास सुरुवात झाली. त्यामुळे टायर फिरताना कमी ऊर्जा वाया जाते आणि इंधन वाचते. पण सिलिकाच्या कणांवर हायड्रॉक्सिल गट असल्याने ते एकमेकांना अधिकच घट्ट धरतात. तेथे नुसता जोर पुरत नाही. एका टोकाने सिलिकाला आणि दुसऱ्या टोकाने रबराला जोडणारे सिलेन नावाचे संयुग घालावे लागते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. दोन वाट्यांत दोन-दोन चमचे बेसन घ्या. एकीत एक पेला थंड पाणी एकदम ओता. दुसरीत आधी दोन चमचे पाणी घालून बेसन घोटा आणि मग उरलेले पाणी घाला. दोन्ही मिश्रणे तेवढाच वेळ ढवळा, चहाच्या गाळणीतून गाळा आणि राहिलेल्या गुठळ्या मोजा. बेसनाचे कण काजळीच्या कणांहून सुमारे हजारपट मोठे असतात. कण लहान होतील तसे काम सोपे होईल की अवघड, आणि का, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा.