परसातले तळे गळतेय? बुजवू नका!

बागेत छोटेसे तळे असावे, त्यात कमळे फुलावीत, लाल मासे फिरावेत, अशी हौस अनेकांना असते. तळे बांधले जाते, पहिला पावसाळा थाटात जातो. पुढच्या उन्हाळ्यात मात्र पाणी भराभर उतरू लागते, कमळाची पाने वाळतात आणि त्या खड्ड्यात फुटक्या कुंड्या साठतात. बुजवून टाकण्याआधी थोडी तपासणी करून पाहा. बहुतेक तळी दुरुस्त होऊ शकतात.

खरेच गळते का?

कडक उन्हात पाणी आटतेच. म्हणून तळ्यात विटांवर एक पाण्याने भरलेली बादली ठेवा. तिचा काठ पाण्याबाहेर असावा. बादलीतल्या आणि तळ्यातल्या पातळीवर खूण करा. दोन दिवसांनी दोन्हीकडचे पाणी सारखेच उतरले असेल तर दोष उन्हाचा. तळ्यातले जास्त उतरले असेल तर गळती नक्की आहे. मग वरून पाणी घालणे थांबवा. पाणी जिथे येऊन थांबेल, त्याच पातळीवर भेग शोधा. तळे पूर्ण रिकामे झाले तर भेग तळाशी किंवा निचऱ्याच्या पाइपाभोवती असेल.

भेग कशी बुजवावी?

भेगेवर नुसता सिमेंटचा हात फिरवला तर तो थोड्याच दिवसांत सुटतो. भेग छिन्नीने अर्धा-पाऊण इंच खोल मोकळी करा, शेवाळ ब्रशने घासून काढा आणि जागा ओली करा. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू आणि वॉटरप्रूफ पावडर यांचा माल दाबून भरा. सात ते दहा दिवस ती जागा ओली ठेवा.

दरवर्षी तीच भेग उघडत असेल तर दोष जमिनीचा समजा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि बांधकामाला तडे पाडते. अशा वेळी आतून जाड प्लास्टिकचा अखंड कागद अंथरणे चांगले. तो मातीबरोबर थोडा हलला तरी फाटत नाही.

नवे बांधताना

तळे झाडाखाली नको. मुळे भिंतीत शिरतात, पाने पाण्यात कुजतात. कमळाला रोज पाच-सहा तास ऊन लागते. खोली दीड ते दोन फूट पुरते. काळी माती असेल तर तळाची आणि बाजूची फूटभर माती काढून मुरूम भरा व चोपून घ्या. कोपरे काटकोनात न ठेवता सिमेंटची गोलाई द्या, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते.

मासे लगेच सोडू नका. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. दोन-तीन आठवडे पाणी भरून, अधूनमधून बदलून मगच मासे आणा.

हे विसरू नका

साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात. गप्पी मासे त्यांच्या अळ्या खातात. पण हे मासे ओढ्या-नदीत सोडू नयेत. घरात लहान मूल असेल तर तळ्यावर पक्की जाळी हवीच. वीतभर पाणीही बाळाच्या जिवावर बेतू शकते.

एवढी काळजी घेतली तर यंदाच्या उन्हाळ्यातही तुमच्या तळ्यात कमळ फुलेल.