ड्यूटी, लायबिलिटी आणि ‘मस्ट’ : सही करण्याआधी अर्थ समजून घ्या

‘आज नाइट ड्यूटी आहे’, ‘इलेक्शन ड्यूटी लागली’, ‘घराच्या व्यवहारात स्टॅम्प ड्यूटी भरली’. ही तीनही वाक्यं आपण सहज बोलतो. पण पहिल्यात ड्यूटी म्हणजे कामाची पाळी, दुसऱ्यात सरकारने सोपवलेलं काम आणि तिसऱ्यात चक्क कर! एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे?

उत्तर शब्दाच्या मुळात आहे. ड्यूटी, ड्यू आणि डेट (म्हणजे कर्ज) हे तिन्ही शब्द लॅटिनमधल्या ‘देबेरे’ या क्रियापदापासून आले. त्याचा अर्थ, देणं लागणं. सरकारचं देणं तो कर, समाजाचं देणं ते कर्तव्य. आपणही ‘समाजाचं देणं लागतो’ असं म्हणतोच की!

सारखे वाटणारे, पण वेगळे

ड्यूटी : पद, नातं किंवा नागरिकत्व यांमुळे येणारं कर्तव्य. आपल्या संविधानात १९७६ साली ४२व्या दुरुस्तीने ‘फंडामेंटल ड्यूटीज’, म्हणजे मूलभूत कर्तव्यं आली. तेव्हा ती १० होती. २००२ मध्ये मुलांना शिक्षणाची संधी देण्याचं पालकांचं कर्तव्य जोडलं गेलं आणि ती ११ झाली.

ऑब्लिगेशन : करार, वचन किंवा उपकार यांमुळे येणारं बंधन. मूळ लॅटिन शब्द ‘लिगारे’, म्हणजे बांधणं. हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंटही त्याच कुळातलं. शाळेच्या रजेच्या अर्जात शेवटी ‘ऑब्लाइज्ड’ लिहायचो, तेव्हा ‘तुमच्या उपकाराने बांधला जाईन’ असंच म्हणत होतो.

रिस्पॉन्सिबिलिटी : यात रिस्पॉन्स, म्हणजे उत्तर दडलंय. गंमत पाहा, आपल्या ‘जबाबदारी’तही जबाब आहेच. काम बिघडलं तर उत्तर कोण देणार, हा दोन्ही शब्दांतला प्रश्न एकच.

लायबिलिटी : कायद्याने अंगावर येणारं देणं किंवा भरपाई. हा शब्दही ‘बांधणं’ याच मुळातून आलेला.

जामीन राहताना

या शेवटच्या शब्दाशी आपली गाठ पडते ती बँकेत. नातेवाईक कर्ज घेतो आणि म्हणतो, ‘फक्त एक सही हवी, फॉर्मॅलिटी आहे.’ पण गॅरंटर म्हणून केलेली सही फॉर्मॅलिटी नसते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची लायबिलिटी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर बँक थेट जामीनदाराकडेही वसुली मागू शकते. नात्यापोटी मदत करणं ही ड्यूटी वाटली, तरी सहीनंतर तिची लायबिलिटी होते. म्हणून कर्जाची रक्कम, मुदत आणि अटी नीट वाचा, समजल्या नाहीत तर विचारा. ‘नाही’ म्हणायचं असेल तर ते सहीच्या आधीच म्हणावं लागतं.

मस्ट, शुड आणि हॅव टू

छोटे शब्दही मोठा फरक करतात.

• यू मस्ट गो : तुला गेलंच पाहिजे.
• यू हॅव टू गो : तुला जावं लागेल. सक्ती बहुधा बाहेरची, नियमाची किंवा परिस्थितीची.
• यू शुड गो : तू जायला हवंस. हा सल्ला आहे, हुकूम नाही.

खरी फसगत नकारात होते. ‘यू मस्ट नॉट पे’ म्हणजे पैसे द्यायचेच नाहीत, सक्त मनाई. ‘यू डोन्ट हॅव टू पे’ म्हणजे द्यायची गरज नाही. द्यायचे तर द्या. औषधाच्या वेष्टनावर ‘मस्ट नॉट’ दिसलं, तर ‘नाही घेतलं तरी चालेल’ असा अर्थ काढू नका. ते घ्यायचंच नाही!

मुलांना हे शब्द शिकवताना नुसते प्रतिशब्द पाठ करून घेऊ नका. ‘होमवर्क केलाच पाहिजे’, ‘आजीला फोन करायला हवा’, ‘रविवारी लवकर उठायची गरज नाही’ अशी घरातली वाक्यं द्या आणि प्रत्येकाला कोणता इंग्रजी शब्द बसतो, ते त्यांनाच ओळखू द्या.