दोनशे ग्रॅमचा कप

डिसेंबरातला शेवटचा रविवार, दुपारचे चार. इचलकरंजीतल्या एका शाळेच्या सभागृहात खुर्च्या मांडणं चाललंय. मंडपवाल्याची दोन माणसं भिंतीला टेकून नुसती बघताहेत, कारण त्यांना कुणी हात लावू देत नाही. एकशेपाच किलो गटातला एक गडी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची छातीपर्यंतची चळत कवेत घेऊन येतो आणि ठेवताना कंबर न वाकवता, गुडघ्यांतून बसून ठेवतो. मागून आवाज येतो, "व्हाइट! तिन्ही व्हाइट!" मंडपवाल्यांना यातलं काही कळत नाही, पण तेही हसतात.

जिल्ह्यातल्या पॉवरलिफ्टरांचा हा वर्षअखेरचा गुणगौरव. व्यासपीठावर फ्लेक्स, त्यापुढे मारुतीची तसबीर, तिला रुईच्या पानांचा हार. टेबलावर सन्मानचिन्हं, शालींचा गठ्ठा, नारळ आणि बादलीभर गुलाब. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून इथलं घड्याळ पाळीवर चालतं, त्यामुळे निम्म्या लोकांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे आहे. रात्रपाळीवाले डबा घेऊनच आलेत. हुपरीहून चांदीकाम करणारे दोघे, गडहिंग्लजहून जीप भरून आलेली पोरं, कोल्हापूरच्या जिममधल्या चार-पाच मुली, कागलचा एक शिक्षक. प्रेक्षक असा कुणी नाहीच. जो बसलाय तो एक तर उचलणारा, नाही तर उचलणाऱ्याचा आई-बाप.

इथली ओळख करून देण्याची रीत मजेशीर आहे. आडनाव शेवटी येतं, कधी येतही नाही. "हा सहासष्ट." "ही सत्तावन्न, पण यंदा त्रेसष्टला जाणार." शेजारी बसलेला मुलगा मला खालपासून वरपर्यंत न्याहाळतो आणि अगदी अदबीनं विचारतो, "सर, तुम्ही कितीत बसता?" मी आकडा सांगतो. तो मान हलवतो. "त्र्याऐंशीत बसाल. थोडं पाणी उतरवावं लागंल."

प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा येतात. फेटा बांधून होतो, दीप लागतो, नारळ फुटतो. पाहुणे बोलायला उठतात. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलं, आता इचलकरंजीकरांनी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण आणावं, असं ते कळकळीनं सांगतात. टाळ्या पडतात, पण जरा उशिरा. संकेतचं पदक वेटलिफ्टिंगमधलं. तिथं वजन डोक्यावर जातं. इथं स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट. खांद्यावर घेऊन बसून उठायचं, पाठीवर झोपून छातीपासून ढकलायचं, जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं. प्रत्येकाचे तीन प्रयत्न, तिन्हींतल्या सर्वोत्तमाची बेरीज. आणि हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ पासून आहे, जागतिक स्पर्धा होतात, पण ते दार अजून बंद. पाहुण्यांना कुणी सुधारत नाही. माझ्या मागच्या रांगेतल्या बाई पुटपुटतात, "मागच्या साली आल्यालं त्ये बॉडीबिल्डिंग म्हणाले हुते. ह्ये जवळ तरी आले."

सब-ज्युनियरचे सत्कार भराभर उरकतात. चौदा ते अठरा वयाची पोरं. सन्मानचिन्ह एका हातात लोंबकळतंय, पण प्रमाणपत्र मात्र दोन्ही हातांत, घडी न पडता. स्पर्धेची पातळी पुरेशी असली तर त्या कागदावर दहावी-बारावीचे वाढीव गुण मिळतात आणि पुढं सरकारी भरतीत खेळाडूंच्या पाच टक्क्यांत अर्ज करता येतो. एक वडील व्यासपीठाच्या पायरीशीच मुलाच्या हातातलं प्रमाणपत्र घेतात, नावाचं स्पेलिंग तपासतात, मग फोटोला उभे राहतात. मला यात काही उणं वाटत नाही. बंद कारखान्याच्या गल्लीत राहणाऱ्या माणसानं मुलाच्या घामाचा हिशेब ठेवला तर त्याला व्यवहारी म्हणून नाकं मुरडणारे सहसा पगारदार असतात.

मग मास्टर्स. साठीच्या पुढचे एसटीतले निवृत्त मेकॅनिक. सहासष्ट किलो गटात दीडशे किलोची डेडलिफ्ट. ते व्यासपीठावर चढताना कठड्याला हात लावत नाहीत, मुद्दाम. माइकवर म्हणतात, "डॉक्टर म्हणाले वाकू नका. मी म्हटलं वाकत नाही, उचलतो." सभागृह दणाणतं. ते खाली येतात तेव्हा नातू त्यांच्या खिशातली पेढ्याची पुडी काढून घेतो.

एका सत्काराला व्यासपीठ खाली येतं. चाकाच्या खुर्चीतला तरुण, पॅरा गटातला. त्याच्या खेळात फक्त बेंच प्रेस. पाय बाकावरच पसरलेले, पट्ट्यानं बांधलेले, त्यामुळे जमिनीला टाच रोवून जोर घ्यायची सोय नाही. चार पायऱ्या आहेत, उतार नाही. चौघे पुढं होतात, "भावा, उचलतो की तुला." तो हात वर करतो. "नको. मी लिफ्टर हाय, वजन न्हाई." सचिव शाल घेऊन पायऱ्या उतरतात, मागोमाग पाहुणे, त्यामागं फोटोग्राफर. सूत्रसंचालक सांगतो की पॅरालिंपिकमध्ये हा खेळ १९८४ पासून आहे, २००४ ला अथेन्समध्ये राजिंदरसिंग राहेलूंनी कांस्य जिंकलं आणि पॅरा पॉवरलिफ्टिंगचे नागपूरचे प्रशिक्षक विजय मुनीश्वर यांना २०२० चा जीवनगौरव द्रोणाचार्य मिळाला. म्हणजे ज्या दाराबद्दल पाहुणे बोलत होते, ते या एकट्यासाठी उघडं आहे. पाहुण्यांच्या ते लक्षात येतं की नाही कळत नाही. पण ते वाकून त्याच्या दंडाला हात लावतात आणि "अबब" म्हणतात.

पुढचा पुरस्कार मला सगळ्यांत आवडतो, कारण असा कुठं पाहिलेला नाही: उत्कृष्ट लोडर. स्पर्धेत प्लेट्स चढवणारी-उतरवणारी आणि लिफ्टर कोसळला तर बार झेलणारी पोरं. बार वीस किलोचा, दोन कॉलर अडीच-अडीचच्या, म्हणजे मोकळा असतानाच पंचवीस. लाल प्लेट पंचवीसची, निळी वीसची, पिवळी पंधराची, हिरवी दहाची. जड आत, हलकी बाहेर. नाव पुकारल्यावर लिफ्टरला एक मिनिट, त्याआधी दोन्ही बाजू सारख्या झाल्या पाहिजेत. बारावीतला, हडकुळा म्हणावा असा मुलगा पुढं येतो. स्वतः कधी स्पर्धेत उतरलेला नाही. एका स्क्वॉटला एकशेनव्वद किलो खाली येत असताना त्यानं आणि जोडीदारानं बार धरला होता. तो लिफ्टर समोरच्याच रांगेत आहे. तो उठून उभा राहतो, त्याच्या पाठोपाठ सगळी रांग. मुलगा लाजून इतका लाल होतो की शाल उलटी पांघरतो.

आता टेबलावर एकच मोठा कप उरलाय. वर्षातला सर्वोत्तम लिफ्टर. पुरुष, महिला, सगळ्यांतून एकच. हा संघटनेचा हट्ट, आणि काही जुन्यांना तो पटत नाही. वेगवेगळ्या वजनांची माणसं एका तराजूत घालायची तर सूत्र लागतं. पूर्वी विल्क्सचं होतं, २०२० पासून महासंघाचे जीएल पॉइंट आहेत. शरीराचं वजन आणि टोटल घातली की आकडा येतो. बायकांचं सूत्र वेगळं, पुरुषांचं वेगळं, म्हणून दोन आकडे शेजारी ठेवणं बरोबर नाही, असा जुन्यांचा आक्षेप. मला तो आक्षेप खरा वाटतो. पण कप मात्र दोन आणायला नकोत. दोन कप आले की ही पुढची पाच मिनिटं जातील.

सूत्रसंचालक आधी दुसऱ्या क्रमांकाचं नाव घेतो आणि निवड चाचणीतले आकडे वाचतो. त्र्याऐंशी किलो गट, वजन ८२.५. स्क्वॉट १८५, बेंच ११५, डेडलिफ्ट २१०, टोटल ५१०. पॉइंट ७०.८१. तिशीतला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, मागाच्या आवाजानं कानाला जरा कमी, त्यामुळे बोलतो तेही मोठ्यानं. "किती म्हणाला?" तो शेजाऱ्याला विचारतो, आणि ते अख्ख्या सभागृहाला ऐकू जातं.

पहिली: सत्तेचाळीस किलो गट, वजन ४६.८. स्क्वॉट ९५, बेंच ४५, डेडलिफ्ट ११५. टोटल २५५, बरोबर निम्मी. पॉइंट ७०.९९.

मुली आधी ओरडतात, मग बाकीचे. ती उठते तेव्हा पुढच्या रांगेमुळे दिसतच नाही. केसांना तेल, दोन वेण्या, अंगात संघटनेचा ढगळ टी-शर्ट. कप तिच्या पोटापासून हनुवटीपर्यंत येतो. मागं मोबाइलवर हिशेब सुरू झालेत. एकजण जाहीर करतो, "वजन सत्तेचाळीस भरलं असतं तर ७०.६९. जॉबर जिंकला असता!" दोनशे ग्रॅम. तिची आई भिंतीकडेला बसलीय, कांडी भरायच्या कामावरून थेट आलेली, पदराला सुताचे धागे. कुणी तरी तिला समजावून सांगतं. ती कपाळावर हात मारते. "अवो, त्या दिवशी सकाळी चहा ठिवला हुता म्होरं. प्यायलीच न्हाई. वजन द्यायचंय म्हणली. मी किती बोलले तिला, उपाशीपोटी कशाला मरायला जातीस म्हणून." सगळे हसायला लागतात. आई हसत नाही. तिचा चहाचा मुद्दा अजून संपलेला नाही.

शेवटचा पुरस्कार उत्कृष्ट पंच. निळा ब्लेझर घातलेले गृहस्थ उठतात आणि सभागृहात एक वेगळीच कुजबुज पसरते. पंचांना शाल खेळाडूनं द्यायची, अशी इथली पद्धत. सूत्रसंचालक खट्याळपणे जॉबरला बोलावतो. कारण त्या निवड चाचणीत जॉबरची तिसरी डेडलिफ्ट २१७.५ ची होती. बार वर गेला, तो ताठ उभा राहिला, 'डाउन' मिळालं, आणि दिवे लागले: एक पांढरा, दोन लाल, म्हणजे लिफ्ट बाद. त्या दोनांतला एक लाल याच ब्लेझरचा. ती धरली असती तर कप जॉबरचा होता, चहा पिऊन वा न पिऊन.

जॉबर पंचांना शाल पांघरवतो. नीट, दोन्ही खांद्यांवरून. नारळ देतो. वाकून नमस्कारही करतो. मग माइक धरतो. "सरांचा मी लई आदर करतो. पर ती लिफ्ट गुड हुती."

पंच माइककडे झुकतात. "नव्हती."

हशा थांबेपर्यंत सचिव आभारप्रदर्शन आटोपून घेतात. जानेवारीतल्या नोंदणीची तारीख सांगतात, राज्य स्पर्धेला जाणाऱ्यांनी रेल्वेचं आरक्षण आपापलं करावं, असंही सांगतात. ते ऐकून कुणी कुरकुरत नाही. आपापलंच असतं.

जेवणाची रांग वजनानं दोन भागांत पडलीय. एकशेवीसच्या वरचे जिलेबीच्या टोपापाशी ठाण मांडून आहेत. जानेवारीत वजन द्यायचं असलेले ताटात उसळ आणि काकडी घेऊन दुसरीकडे बघत उभे. मसाले भात संपत आलाय. साडेसहा वाजलेत, जॉबरला आठची पाळी गाठायचीय. पण तो जेवतच नाहीये. त्यानं मंडपवाल्याचा एक बांबू आणलाय, कोपऱ्यात जागा केलीय, आणि पंचांना ब्लेझरसकट उभं केलंय.

"आता बघा. असा आला. गुडघ्यावर आला. इथं गती कमी झाली, मान्य. थांबला न्हाई."

"थांबला म्हणत नाही मी." पंच त्याच्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर, बोट ठेवतात. "इथं टेकला. मांडीचा आधार घेऊन गुडघे परत आत घातलेस. परत कर. हां. बघ, आत्ता पण टेकवलास."

"बांबूला काय टेकवायचं, वजनच न्हाई त्याला!"

"तीच तर सवय आहे तुझी."

गर्दी जमते. मास्टर आजोबा एका बाजूला खुर्ची टाकून पंच म्हणून बसतात आणि खिशातला पांढरा रुमाल काढून ठेवतात. दुसऱ्या बाजूला कुणी तरी हवं. दिवे बंद पडले की पंच लाल-पांढऱ्या झेंड्या दाखवतात, तेव्हा झेंडीही हवी. कप आईच्या मांडीवर ठेवून ती सत्तेचाळीसवाली पुढं येते. सत्कारातला गुलाब अजून हातात आहे. जॉबर हातांवर थुंकल्यासारखं करतो, बांबू पकडतो, कंबर खाली नेतो. या वेळी फार सावकाश, एकेक इंच दाखवत उचलतो, ताठ होतो, श्वास धरून थांबतो.

"डाउन," पंच म्हणतात.

आजोबांचा रुमाल वर जातो. पांढरा. पंचांचं बोट मांडीकडेच आहे, म्हणजे लाल. सगळे पोरीकडे बघतात. ती जॉबरकडे बघते, त्याच्या मांडीकडे बघते, आणि गुलाब वर करते.

"ए बाई, कप घेतलास की! आता तरी!"

"दादा, टेकला," ती म्हणते. "खरंच टेकला. परत करा, मी खाली बसून बघते."