परळची संयुगे, बेंगळुरूची पाने

बेंगळुरूच्या जे. पी. नगरातून बन्नेरघट्टा रस्त्याने दक्षिणेला निघाले की पुढे जिगणी लागते, मग बोम्मसंद्र. औषधांचे रेणू घडवणाऱ्या प्रयोगशाळांचा हा पट्टा. तिथे नोकरीला जाणाऱ्या मराठी माणसांनी एक गोष्ट जरूर जाणून घ्यावी: औषधी रसायनशास्त्राचे भारतातले काही आरंभीचे निबंध याच शहरातून प्रसिद्ध झाले, आणि त्यांमागचे काम झाले होते मुंबईत, परळला.

सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली बेंगळुरूत भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली. संस्थापक फेलो ६५. त्याच वर्षी अकादमीचे ‘प्रोसीडिंग्ज’ सुरू झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीतून प्रॉन्टोसिल या जंतुविरोधी औषधाची बातमी आली. त्यातला खरा गुणकारी भाग सल्फानिलामाइड आहे, हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेने दाखवले. परळच्या हाफकिन संस्थेत तेव्हा साहिब सिंग सोखे संचालक होते. तिथे के. गणपती, सी. व्ही. डेलीवाला आणि एम. व्ही. शिरसाट सल्फा संयुगांच्या मागे लागले.

सल्फानिलामाइडच्या रेणूच्या एका टोकाचा अमिनो गट मोकळा लागतो. तो अडकला की जंतूंवरचा परिणाम जातो. दुसऱ्या टोकाच्या नायट्रोजनवर मात्र वाटेल ते जोडून पाहता येते. पिरिडीन जोडले की सल्फापिरिडीन, थायाझोल जोडले की सल्फाथायाझोल. एक गट बदलायचा, पुन्हा जंतूंवर तपासायचे. औषधी रसायनशास्त्राचा गाभा तो हाच.

गणपती आणि सहकाऱ्यांचे हे निबंध चाळिशीच्या दशकात ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये येत राहिले. पण सोखे आणि बी. बी. दीक्षित (पुढे दिल्लीच्या ‘एम्स’चे पहिले संचालक) यांनी प्लेगवर हीच औषधे तपासली, तो निबंध १९४०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. काम एका आवारातले. रसायन बेंगळुरूच्या अंकात, प्लेग लंडनच्या. मला इथेच खरी अडचण दिसते. दोन्ही बाजू एकत्र वाचणारा वाचकवर्ग प्रयोगशाळा तयार करू शकत नाही, ते काम संस्थांचे.

अमेरिकन केमिकल सोसायटीने ते चिकाटीने केले. १९०९ साली औषधनिर्मितीच्या रसायनासाठी स्वतंत्र विभाग काढला, १९२७मध्ये त्याला ‘मेडिसिनल केमिस्ट्री’ हे नाव दिले, १९४८पासून परिसंवाद भरवले. आल्फ्रेड बर्गर यांनी १९५९ साली काढलेले नियतकालिकही पुढे सोसायटीनेच चालवायला घेतले. रेणूची रचना आणि त्याचा शरीरातला परिणाम एकाच पानावर मांडण्याची शिस्त त्यातून रुजली.

आपल्याकडे हे तुकड्यातुकड्याने झाले. ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये रसायनाला स्वतंत्र मालिका मिळायला सत्तरीचे दशक सरत आले. भारतीय विज्ञान संस्थेत मुख्यालय असलेली केमिकल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया तर १९९९ची.

अकादमीचे जुने अंक आता कुणालाही मोफत वाचता येतात. त्या काळच्या अशा निबंधांत संयुगाचा वितळणबिंदू दिलेला असतो, आणि नायट्रोजनचे प्रमाण दोनदा: हिशेबाने यायला हवे ते, आणि प्रत्यक्ष सापडले ते. हवे होते तेच संयुग हाती आले, हे इतरांना पटवण्याचा तेव्हा तोच मार्ग होता.